नॅलॉक्सोन एकच, उंदीर वेगवेगळे

प्रश्न एम.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: विस्टार जातीच्या प्रयोगशाळेतल्या रॅट्सना किलोमागे १० मिलिग्रॅम मॉर्फिन कातडीखाली दिलं. पहिला तासभर ते दगडासारखे पडून होते. दोन तासांनी मात्र उठून पिंजराभर फिरायला आणि जाळी कुरतडायला लागले. गाईडचं म्हणणं, औषध खराब असणार. दुसऱ्या गटाला नुसतं नॅलॉक्सोन, म्हणजे मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारं औषध, दिलं, त्यात ‘काहीच झालं नाही’. तिसऱ्या गटाला आठ दिवस मॉर्फिन दिल्यावर तेच नॅलॉक्सोन, किलोमागे १ मिलिग्रॅम, दिलं तर उंदीर अंग झाडू लागले, त्यांना जुलाब झाले, एकाने उडी मारून झाकण पाडलं. “मॅडम, बाटली एकच, डोस एकच, मग असं का? डेटा टाकून देऊ का?”

टाकून देऊ नका. तुमचं औषध उत्तम आहे आणि तुमचे उंदीर नेमकं तेच करतायत जे त्यांनी करायला हवं. चूक झाली असेल तर ती अपेक्षेत. मॉर्फिन म्हणजे गुंगी आणि नॅलॉक्सोन म्हणजे गुंगीचं उलट, असं आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. पंचवीसेक वर्षं रॅट्ससोबत काढल्यावर मी एवढं ठामपणे सांगू शकते की नॅलॉक्सोन स्वतः जवळजवळ काही करत नाही. उंदराच्या आत त्या घडीला अफूवर्गीय रसायनांचं जे काम चालू असेल ते थांबवतं, आणि थांबल्यावर जे दिसतं तो त्या उंदराच्या इतिहासाचा भाग असतो. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे इतिहास वेगळे होते, म्हणून उत्तरं वेगळी आली.

आधी पहिला तास घेऊ. इंजेक्शननंतर वीसेक मिनिटांनी पिंजऱ्याचं झाकण उघडून बघा. एरवी हात आत गेला की मिशा हलवत नाक वर करणारा उंदीर कोपऱ्यात पोट टेकून असतो. डोळे मिटलेले नसतात, उलट बाहेर आल्यासारखे वाटोळे दिसतात. उचललात तर अंग लाकडासारखं कडक लागतं. पुढचे दोन्ही पाय चार बोटं उंचीच्या आडव्या दांडीवर ठेवले तर तसेच राहतात. साधा उंदीर दोन सेकंदांत खाली उतरतो. ही झोप नाही, ही कॅटलेप्सी आहे. हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधानेही कॅटलेप्सी होते आणि दांडीवरचे सेकंद मोजले तर दोन्ही सारख्याच दिसतात, पण बाजूने हलकेच ढकलून बघा. हॅलोपेरिडॉलवाला पाय रोवतो, तोल सांभाळतो. मॉर्फिनवाला रोवत नाही, ढकलाल तिकडे सरकतो, आणि जवळ टाळी वाजली तर एकदम पुढे धाव घेऊ शकतो. नुसते सेकंद लिहिणाऱ्याला हा फरक कधीच कळत नाही. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला आठवडा स्टॉपवॉच देतच नसे. नुसतं बसून बघायचं आणि वहीत मराठीत लिहायचं.

आता दोन तासांनंतरची धावपळ. अफूवर्गीय औषधांचा रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे जाऊन बसतं ती जागा, ज्या पेशीवर असतो ती पेशी शांत होते: कॅल्शियम आत यायचा मार्ग आवळला जातो, पोटॅशियम बाहेर जायचा मार्ग उघडतो, संदेश कमी सुटतो. पण शांत झालेली पेशी जर दुसऱ्या कुणाचा लगाम धरून बसलेली असेल, तर लगाम सुटतो. मध्यमेंदूच्या खालच्या भागात डोपामिन सोडणाऱ्या पेशी असतात आणि गाबा नावाचं शांत करणारं रसायन सोडणाऱ्या शेजारणी त्यांना आवरून धरतात. म्यू रिसेप्टर, म्हणजे मॉर्फिन मुख्यतः ज्यावर काम करतं तो प्रकार, प्रामुख्याने या शेजारणींवर असतात. जॉन्सन आणि नॉर्थ यांनी १९९२ मध्ये रॅटच्या मेंदूच्या कापांवर हे दाखवलं. मॉर्फिनने शेजारणी गप्प झाल्या की डोपामिन वाढतं, आणि उंदीर फिरू, हुंगू, कुरतडू लागतो. म्हणजे एकाच इंजेक्शनमध्ये जखडणं आणि पळवणं दोन्ही असतं. मोठ्या डोसला आधी जखडणं वरचढ ठरतं, ते ओसरलं की खालचं पळवणं उघडं पडतं. किलोमागे एखादा मिलिग्रॅम देऊन बघा, जखडणं फारसं दिसणारच नाही.

आणि रोज देत गेलात तर आणखी एक गंमतीची गोष्ट घडते. जखडण्याची उंदराला सवय होते, ते दिवसागणिक कमी होतं. पळवण्याची सवय होत नाही, उलट ते वाढतं. आठव्या दिवशी तोच डोस दिल्यावर उंदीर बसतच नाही, थेट धावायला लागतो. ‘टॉलरन्स आला’ एवढंच लिहून मोकळे झालात तर अर्धी गोष्ट हातची गेली. कशाला टॉलरन्स आला आणि कशाला आला नाही, हे दरवेळी वेगळं लिहायचं.

मराठीत आपण छोटा माउस आणि मोठा रॅट दोघांनाही उंदीरच म्हणतो, त्यामुळे इथे गोंधळ होतो. माउसला मॉर्फिन दिलंत तर तो जखडण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. शेपूट पाठीवर एसच्या आकारात ताठ उभी राहते आणि तो भिंतीकडेने गोल गोल पळत सुटतो. स्ट्राउब या जर्मन शास्त्रज्ञाने १९११ मध्ये या शेपटीचं वर्णन केलं, तिला आजही त्याचंच नाव आहे. तुमच्या गाईडनी पूर्वी माइसवर काम केलं असेल तर त्यांच्या डोळ्यासमोर वेगळं चित्र असणार. भांडू नका, दोन्ही प्राण्यांचे आलेख शेजारी ठेवून दाखवा.

वेदनेच्या चाचण्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यातच. टेल फ्लिक ही १९४१ पासूनची, दामूर आणि स्मिथ यांची चाचणी. शेपटीवर उष्ण प्रकाशझोत, शेपूट झटकायला लागणारा वेळ मोजायचा. ही प्रतिक्रिया मुख्यतः मज्जारज्जूतून होते, कण्यात मज्जारज्जू तोडलेल्या रॅटमध्येही ती टिकते. हॉट प्लेटवर, म्हणजे तापवलेल्या पत्र्यावर, पाय चाटणं किंवा उडी मारणं याला मेंदू लागतो. आता विचार करा, कॅटलेप्सीत लाकूड झालेला उंदीर हॉट प्लेटवर पाय उचलत नसेल तर त्याला दुखत नाहीये की हलता येत नाहीये? डोस कमी घ्या, हालचालीची वेगळी चाचणी जोडा, आणि कट-ऑफ वेळ, म्हणजे इजा होण्याआधी चाचणी थांबवायची मर्यादा, कधीही ओलांडू नका. भाजलेली शेपूट हा निकाल नसतो, ती इजा असते.

आता ब्लॉकर, म्हणजे रिसेप्टर अडवून धरणारं औषध. नॅलॉक्सोन १९६० च्या सुमारास तयार झालं. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन ही त्यामागची नावं. अमेरिकेत १९७१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रिसेप्टर प्रत्यक्ष सापडला तो नंतर, १९७३ मध्ये: बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन, स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस, तिघांकडून जवळपास एकाच वेळी. पर्ट आणि स्नायडर यांनी त्यासाठी किरणोत्सारी खूण लावलेलं नॅलॉक्सोनच वापरलं होतं. मेंदूत अफूसाठी कुलूप आहे हे कळल्यावर साहजिक प्रश्न आला की निसर्गाने हे कुलूप खसखशीच्या बोंडासाठी तर बसवलं नसेल. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं काढलं. शरीर स्वतःच अफूसारखं रसायन बनवतं हे सिद्ध झालं.

हे लक्षात घेऊन तुमच्या दुसऱ्या गटाकडे परत या, जिथे ‘काहीच झालं नाही’. निरोगी, पोट भरलेला, ओळखीच्या पिंजऱ्यात निवांत बसलेला रॅट. त्याच्या आत त्या घडीला स्वतःची अफू फार कमी सुटत असते. कुलपात किल्लीच नसेल तर कुलपावर हात ठेवून काय फरक पडणार? तुम्हाला काही दिसलं नाही हे निरीक्षण बरोबरच आहे. पण त्याच उंदराला वेगळ्या प्रसंगात घाला.

त्याला गोड पाणी द्या. साखरेचं किंवा सॅकरिनचं पाणी समोर असताना नॅलॉक्सोन दिलेला रॅट कमी पितो. स्टीफन होल्ट्झमन यांनी १९७४ मध्येच नॅलॉक्सोनने रॅट्सचं खाणंपिणं घटतं हे नोंदवलं होतं. पुढच्या कामात असं दिसत गेलं की साध्या चाऱ्यापेक्षा चवदार खाण्यावर हा परिणाम जास्त ठळक असतो. भूक मरते असं नाही. पहिले घोट तो घेतो, पण त्यात रमत नाही. केंट बेरिज यांच्या गटाने रॅटच्या ओठ चाटण्याच्या, जीभ बाहेर काढण्याच्या बारीक हालचाली मोजून दाखवलं की मेंदूतल्या न्यूक्लियस अकम्बन्सच्या एका छोट्याशा भागात अफूवर्गीय रसायन सोडलं तर गोडाची ही ‘आवडल्याची’ खूण वाढते. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यासाठी कुणीतरी रॅटचं तोंड संथ गतीच्या चित्रीकरणात एकेक चौकट करून बघितलंय.

त्याला खेळू द्या. महिनाभराची रॅटची पिल्लं एकमेकांच्या मानेवर झेप घेतात, एक दुसऱ्याला उताणं पाडतं, मग उलट. शाळेच्या मधल्या सुट्टीत पोरं करतात तसंच. ओहायोमध्ये याक पांकसेप यांनी दाखवलं की मॉर्फिनचा अगदी लहान डोस हा खेळ वाढवतो आणि नॅलॉक्सोन तो कमी करतो. नॅलॉक्सोन मिळालेलं पिल्लू आजारी दिसत नाही, नीट चालतं, फक्त खेळायला कमी जातं. एकटं ठेवलेलं असतं तर तुम्ही पुन्हा ‘काहीच झालं नाही’ असं लिहिलं असतं.

आईपासून वेगळं केलेलं दहा दिवसांचं पिल्लू बघा. ते आपल्याला न ऐकू येणाऱ्या, माणसाच्या कानापलीकडच्या आवाजात आईला हाका मारतं. खास मायक्रोफोन लावला तरच त्या हाका मोजता येतात. मॉर्फिनने त्या कमी होतात, आणि ब्लॉकर दिला की मॉर्फिनचा हा गुण जातो. प्रिसिला कीहो आणि एलियट ब्लास यांनी १९८० च्या दशकात ही पिल्लं बारकाईने अभ्यासली. त्यांच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब ठेवले तर ती शांत होतात, उष्णतेवरून पाय उशिरा उचलतात, आणि नाल्ट्रेक्सोन हा दुसरा ब्लॉकर दिला की साखरेचा हा गुण नाहीसा होतो. आज नवजात बाळाच्या टाचेतून रक्त काढताना जिभेवर साखरपाण्याचे थेंब ठेवतात, त्या पद्धतीला ब्लास यांच्याच कामाचा आधार आहे. नात झाली तेव्हा दवाखान्यात नर्सने ते थेंब ठेवलेले मी बघितले. सूनबाई घाबरून तोंड फिरवून उभी होती आणि मला डोळ्यासमोर भुशातलं ते डोळे न उघडलेलं पिल्लू दिसत होतं.

त्याला ताणात घाला. पायाला थांबून थांबून, बराच वेळ विजेचे सौम्य झटके बसलेल्या रॅटची वेदना काही काळ बोथट होते, आणि नॅलॉक्सोनने ती पुन्हा जागी होते. पण झटके सलग आणि थोडाच वेळ असतील तर वेदना तशीच बोथट होते आणि नॅलॉक्सोनचा तिच्यावर काही असर होत नाही. लॉस एंजेलिसच्या लीबेस्किंड गटाने १९८० मध्ये हे दाखवलं. शरीराकडे वेदना दाबायचे दोन वेगळे रस्ते आहेत, एक अफूचा आणि एक त्याशिवायचा, आणि ते वेगळे आहेत हे नॅलॉक्सोनशिवाय कळलं नसतं. ‘नॅलॉक्सोनचा परिणाम नाही’ हा निकालसुद्धा किती मोठा असू शकतो ते बघा.

म्हणजे नॅलॉक्सोन हा प्रश्न विचारायचा एक मार्ग आहे. तुम्ही तुमच्या दुसऱ्या गटाला प्रश्नच विचारला नव्हता.

आता तिसरा गट, ज्याने झाकण पाडलं. आठ दिवस रोज मॉर्फिन मिळालेल्या मेंदूने त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं. औषध पेशींना दाबतंय म्हणून पेशी आतून उलट जोर लावत असतात. बाहेरचा दाब आणि आतला जोर बरोबरीत असेपर्यंत उंदीर साधा दिसतो. नॅलॉक्सोनने बाहेरचा दाब एका मिनिटात काढून घेतला की आतला जोर एकटा उरतो आणि तो उसळून बाहेर येतो. मेंदूच्या बुंध्यातल्या लोकस सेरुलियस या निळसर ठिपक्यातल्या नॉरॲड्रेनालिनच्या पेशी या वेळी भराभर पेटतात. क्लोनिडीन या रक्तदाबावरच्या औषधाने त्या शांत होतात हे अघजानियन यांनी १९७८ मध्ये रॅटमध्येच दाखवलं, आणि माणसांच्या विथड्रॉवलमध्ये (औषध सुटल्यावरच्या त्रासात) क्लोनिडीन वापरायला त्यातून शास्त्रीय पाया मिळाला.

या खुणांचं स्कोअरिंग, म्हणजे मोजून नोंद करणं, कसं करायचं हे तुम्ही पुढच्या वेळी नीट ठरवून करा, कारण इथे बरेच विद्यार्थी चुकतात. उंच, पारदर्शक नळकांड्यात उंदीर ठेवा, खाली स्वच्छ कागद. सुई निघाल्यावर दोन-तीन मिनिटांत पहिलं अंग झाडणं येतं: पावसात भिजलेलं कुत्रं झाडतं तसं, मानेपासून सुरू होऊन शेपटीच्या बुडापर्यंत जाणारं. ते नुसतं डोकं हलवणं नव्हे. दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहा. मग दातावर दात वाजायला लागतात. आवाज इतका बारीक असतो की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून खालचा जबडा थरथरतोय का तेही बघा. पापण्या अर्ध्या मिटतात. पोट आत ओढून, अंग लांब करून उंदीर तळाला घासतो. लाळ गळते, शी पातळ होते. डोळ्याभोवती आणि नाकाशी लालसर डाग दिसला तर घाबरून ‘रक्त’ लिहू नका. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून येणारा तो पोरफिरिनचा स्राव आहे, ताणात रॅटला तो येतोच. हात लावला की किंचाळतो. मोजता येणाऱ्या खुणा आकड्यात आणि बाकीच्या ‘आहे-नाही’ अशा लिहायच्या. गेलर्ट आणि होल्ट्झमन यांची १९७८ ची पद्धत यासाठीच आहे. वजन आधी आणि नंतर घ्या. आणि कोणत्या उंदराला काय दिलंय हे स्कोअर करणाऱ्याला माहीत नसावं. नाहीतर मॉर्फिनवाल्या उंदरांची साधी खाजवाखाजवही त्याला झाडणं वाटू लागते.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला कायम लागून राहिली आहे. सगळ्या शारीरिक खुणा उमटायला जेवढं नॅलॉक्सोन लागतं, त्याच्या कितीतरी कमी, किलोमागे अवघ्या काही मायक्रोग्रॅममध्ये, मॉर्फिनची सवय लागलेला रॅट ते ज्या खोलीत मिळालं ती खोली टाळायला शिकतो. त्या डोसला तो अंग झाडत नाही, उडी मारत नाही, बघणाऱ्याला ठीक दिसतो. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही कप्प्यांची दारं उघडली की तो त्या कप्प्यात जात नाही. त्याच्या आत काय झालं ते त्याच्या पायांनी सांगितलं. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात ‘आता अंग दुखत नाही ना, मग झालं की’ असं पेशंटला म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा आलेख बघावा असं मला मनापासून वाटतं.

जुलाब पोटातून आले की मेंदूतून, हे वेगळं काढायचं असेल तर नॅलॉक्सोन मेथायोडाइड वापरा. ते मेंदूत सहज शिरत नाही. आणि नॅलॉक्सोनला फक्त म्यू रिसेप्टर कळतो असं धरू नका. डोस वाढवत गेलात की डेल्टा आणि कॅपा हे दुसरे अफूवर्गीय रिसेप्टरही बंद होतात, म्हणून ‘किलोमागे १० मिलिग्रॅम नॅलॉक्सोनने परिणाम गेला, सबब म्यू’ हे वाक्य थिसिसमध्ये लिहाल तर परीक्षक पकडतील. कॅपाचं वागणं अगदीच निराळं असतं. कॅपाला चालना देणाऱ्या यू-५०,४८८ ने रॅट वेदना विसरतो खरा, पण ती जागा टाळतो, आणि लघवी इतकी करतो की तासाभरात पिंजऱ्याखालचा कागद भिजून जातो. त्याचा ब्लॉकर नॉर-बीएनआय सावकाश चढतो आणि आठवडे टिकतो. तो दिलेला उंदीर दुसऱ्या दिवशी ‘कंट्रोल’ म्हणून परत वापरलेला मी बघितला आहे. तसं करू नका.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण तुमच्या तिसऱ्या गटात ती लपलेली असू शकते. खूप वर्षांपूर्वी आम्ही रॅट्सना रोज एका खोलीत मॉर्फिन देऊन हॉट प्लेटवर टॉलरन्स मोजत होतो. बारावा दिवस. मे महिना, ॲनिमल हाऊसचा एसी बंद पडला. उंदीर उकाड्यात राहू नयेत म्हणून मी त्यांना कॉरिडॉरपलीकडच्या खोलीत हलवलं आणि इंजेक्शन तिथेच दिलं. त्या खोलीत फिनाइलचा वास होता, दिवा ट्यूबऐवजी बल्बचा. आदल्या दिवशी ज्यांच्यावर मॉर्फिनचा जवळजवळ परिणाम उरला नव्हता, ते सगळे जखडून पडले, हॉट प्लेटवर पाय उचलेनात. एकाचा श्वास इतका मंदावला की मला नॅलॉक्सोन द्यावं लागलं. मी रात्रभर डोसचं गणित तपासत बसले. गणित बरोबर होतं. खोली बदलली होती.

हे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शेपर्ड सीगल यांनी १९७५ पासून दाखवायला सुरुवात केली होती आणि मी वाचलेलंही होतं, पण वाचणं वेगळं आणि आपल्या हातात उंदीर लाकूड होणं वेगळं. १९८२ मध्ये सीगल यांच्या गटाने हेरॉइनचा मोठा डोस तीन प्रकारच्या रॅट्सना दिला. कधीच हेरॉइन न मिळालेले सुमारे ९६ टक्के मेले. सवय असलेले, पण नेहमीपेक्षा वेगळ्या जागी डोस मिळालेले सुमारे ६४ टक्के. तितकीच सवय असलेले आणि नेहमीच्या जागी डोस मिळालेले सुमारे ३२ टक्के. औषध तेच, सवय तेवढीच, जागा वेगळी. शरीर जागेच्या वासावरून, दिव्यावरून आधीच तयारी करतं आणि अनोळखी जागी ती तयारी होत नाही. तुमच्या नोंदीत खोलीचा नंबर, दिव्याचे तास, इंजेक्शन कुणी दिलं, भुसा कधी बदलला हे सगळं आहे का? नसेल तर आठवतंय तोवर आजच लिहून काढा.

रॅट स्वतःहून औषध घेतो का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घेतो. जेम्स वीक्स यांनी १९६२ मध्ये मिशिगनमधल्या कॅलामझूला शिरेत नळी बसवलेल्या, मोकळ्या फिरणाऱ्या रॅट्सना पट्टी दाबून मॉर्फिन घ्यायची सोय करून दिली आणि ते घेऊ लागले. यात ब्लॉकरचं वागणं गोंधळात टाकतं. लहान डोस दिला की पट्टी दाबणं कमी होण्याऐवजी वाढतं. म्हणजे ब्लॉकरने व्यसन वाढवलं का? नाही. प्रत्येक दाबेमागे मिळणारा गुण कमी झाला म्हणून उंदीर भरपाई करतोय, पाणी घातलेल्या दुधाचे जास्त पेले प्यावेत तसं. डोस मोठा केला की भरपाई अशक्य होते आणि पट्टी हळूहळू सुटते. नुसता एकच डोस घेऊन आलेख काढलेले पेपर मी म्हणूनच बाजूला ठेवते.

आणि हाच रॅट, जो पट्टी दाबून मॉर्फिन घेतो, तो मॉर्फिनआधी दिलेलं सॅकरिनचं पाणी दुसऱ्यांदा टाळतो. एकाच औषधाची ओढही आणि तिटकाराही, एकाच प्राण्यात. पुस्तकात या दोन चाचण्या वेगवेगळ्या पानांवर असतात, म्हणून त्यातला विरोध डोळ्यात भरत नाही.

ब्रूस अलेक्झांडर यांच्या ‘रॅट पार्क’बद्दल विद्यार्थी नेहमी विचारतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस, व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात एकट्या पिंजऱ्यातले रॅट्स मॉर्फिनचं गोड पाणी जास्त प्यायले, आणि मोठ्या, सोबती असलेल्या जागेतले कमी. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत निकाल दरवेळी तसाच आला नाही, तेव्हा ‘एकटेपणा म्हणजेच व्यसन’ असं पोस्टरवर लिहिण्याइतका तो पुरावा भक्कम नाही. पण एकटा ठेवलेला रॅट आणि चौघांत वाढलेला रॅट हे औषधाला सारखे प्रतिसाद देत नाहीत, हे मी स्वतः इतक्या वेळा बघितलंय की पिंजऱ्यात किती उंदीर होते हे न सांगणारा डेटा मला अपुरा वाटतो. नर आणि मादीही वेगळे लिहा. वेदनेच्या चाचण्यांत नर रॅटवर मॉर्फिनचा असर बहुधा जास्त दिसतो.

परवानग्यांबद्दल एकच वाक्य: मॉर्फिन १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याखाली येतं, तेव्हा साठ्याची वही आणि प्राण्यांसाठीच्या संस्थात्मक नैतिकता समितीची मंजुरी या दोन्ही गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय बाटलीचं सील फोडू नका.

तुमच्या प्रयोगाचं आता असं करा. पहिल्या गटाचं निरीक्षण चार तासांपर्यंत न्या आणि दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मांडा. जखडणं आणि पळणं हे दोन वेगळे आलेख असू द्या. मधल्या गटाला पुन्हा सुई टोचण्याआधी त्यांना एखादा प्रश्न द्या, साखरेच्या पाण्याची बाटली पुरे. तिसऱ्या गटाला आठ दिवस सलाईन दिलेला जोडीदार गट नसेल तर तो घ्या, नाहीतर आठ दिवस रोज सुई खाल्ल्याचा ताण आणि मॉर्फिनची सवय वेगळी काढता येणार नाही. नॅलॉक्सोन रॅटमध्ये फार काळ टिकत नाही. तासाभरात त्याचा जोर ओसरतो आणि अंगात शिल्लक असलेलं मॉर्फिन पुन्हा कुलपावर बसतं, म्हणून पहिली तीस मिनिटं एकही मिनिट न चुकवता बघा. रस्त्यावर बेशुद्ध सापडलेल्या माणसाला नॅलॉक्सोन देऊन शुद्धीवर आणल्यावर लगेच घरी सोडत नाहीत, तेही याचसाठी.

स्कोअरिंग संपलं की उंदीर त्याच्याच पिंजऱ्यात, त्याच्याच सोबत्यांत परत ठेवा. जुलाबाने पाणी गेलेलं असतं, तेव्हा पाण्याची बाटली गळत नाहीये ना आणि नळी त्याच्या तोंडाला पुरतेय ना ते बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी त्याचं वजन घ्या.